कोपरीच्या फाटकावरची धवलारीण

आमच्या कोपरीत मुक्कामाला आलेला पाहुणा पहिल्या गाडीला दचकतो, दुसऱ्या गाडीला आमच्या तोंडाकडे बघतो आणि तिसऱ्या गाडीला न राहवून विचारतो, की तुम्हाला या आवाजाचा त्रास होत नाही का. आम्ही विचारतो, कसला आवाज? पाहुण्याला वाटतं आम्ही थट्टा करतोय, पण खरंच आमच्या लक्षात आलेला नसतो. मला मात्र फार दिवसांपासून एक प्रश्न पडला होता. हा आवाज गावात पहिल्यांदा आला तेव्हा गावाने काय केलं असेल? भांडलं असेल, कानात बोळे घातले असतील, की गाशा गुंडाळून खाडीपलीकडे कळव्याला जायचं म्हटलं असेल? पुस्तकांत शोधलं तर पहिली गाडी कधी सुटली, तिला डबे किती होते, कोण कोण साहेब बसले होते, हे सगळं मिळतं. ज्यांच्या दारावरून ती गेली त्यांचं काय झालं ते कोणी लिहीत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

शेवटी उत्तर घरातच सापडलं. माझी पणजी शेवंती, तिची सासू तुळसा. नातं लावायचं तर ती माझी खापरपणजी, पण आमच्याकडे सगळे तिला नुसतं तुळसाच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणणार. पुढचं सगळं शेवंतीने तिच्या मुलींना सांगितलेलं आणि त्यांच्याकडून माझ्यापर्यंत आलेलं आहे. मधल्या मधल्या जागा मी भरल्यात.

रूळ पडले तेव्हा तुळसा परकरी पोर होती. भरावावर माती टाकायला तिची आई जायची आणि आईच्या मागे टोपली घेऊन ही. कोपरी म्हणजे खाडीकाठचं गाव. तीन बाजूंना मिठागरं, भातशेती आणि चिखल, चौथ्या बाजूला ठाण्याचा बाजार. गावाला मीठ आणि मासे सोडून जे काही लागायचं ते सगळं त्या चौथ्या बाजूला, आणि रूळ नेमके तिथूनच गेले. तुळसाने मुकादमाला विचारलं, आम्ही मिठागराला बांध घालतो तो पाणी अडवायला, हा तुमचा बांध कोणाला अडवणार? मुकादम म्हणाला, कोणालाच नाही. त्याचं म्हणणं खोटं ठरलं. स्टेशन आणि खाडीचा पूल यांच्या मधोमध कंपनीने गावाला जाण्यायेण्यासाठी एक फाटक ठेवलं, आडव्या दांडीचं, आणि तेव्हापासून बाजारात जायचं तर त्या दांडीला विचारून जायचं असं झालं.

विचारणं हा तुळसाचा स्वभावच होता. मोठी झाली, गावातच काळुरामशी लग्न होऊन त्याच्या घरी गेली, तरी तिचं विचारणं थांबलं नाही. पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेली बाई स्टेशनच्या कुंपणाशी उभी राहायची ती राहायचीच. घंटा का वाजली? हिरवं फडकं कोणाला दाखवलं? इंजिन पाणी पितं तर ते मुततं कुठे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःच बघून शोधलं आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

तुळसा धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात त्या काळी मंत्र म्हणायला कोणी लागत नसे. धवलारीण बसायची, हातात तांदूळ घ्यायची आणि धवला गायची. त्या गाण्यातच सगळं लग्न. आधी देवांना बोलावणं, खाडीला, गावदेवीला, बांधावरच्या वेताळाला, घरातल्या मेलेल्या माणसांना. मग हळद, मग मांडव, मग मुलीचे आईबाप, आणि सगळ्यात शेवटी मुलीला माहेरच्या देवांच्या हातून काढून सासरच्या देवांच्या ओटीत घालायचं ते कडवं. ते संपलं की लग्न लागलं. मधे खंड पडता कामा नये, असं कोपरीत मानत. बोलावलेले देव गाणं ऐकत बसलेले असतात. गाणं तुटलं की ते उठून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून बोलवावं लागतं.

आणखी एक रीत होती. गावात धवला एकीचाच. शिकणारी सून मागे बसून झील धरायची, हळूहळू सगळं पाठ करायची, पण शेवटचं कडवं तिला कोणी शिकवत नसे. ते धवलारणीचं स्वतःचं. ते गाताना ती पदर तोंडावर घेऊन पुटपुटल्यासारखं गायची, म्हणजे मागच्या बाईला शब्द लागू नयेत. ज्या दिवशी ते तिने दुसरीला दिलं, त्या दिवसापासून तिचं मांडवातलं गाणं बंद, कायमचं. तुळसाला ते तिच्या सासूने दिलं तेव्हा म्हातारी अंथरुणाला खिळली होती आणि आवाज बसला होता. तेव्हा द्यायला तिचं काय जात होतं? तुळसाचं तसं नव्हतं. केसात नुकती कुठे चांदी दिसायला लागलेली, आवाज असा की मिठागराच्या पार टोकाला काम करणारा माणूस मांडवात काय चाललंय ते तिथूनच सांगायचा.

गाड्या मोजक्या होत्या तोवर निभावलं. पुढे घाट फोडून लाइन एकीकडे पुण्याकडे आणि दुसरीकडे नाशिककडे गेली. कल्याणला दोन्हीकडच्या गाड्या एकत्र व्हायच्या आणि सगळ्या आमच्या दारावरून जायच्या. प्रत्येक गाडी पुलापासून फाटकापर्यंत शिट्टी मारत यायची. साधी शिट्टी नाही, कानाचे पडदे फाटतील अशी लांबलचक. धोंडीबाच्या पोरीच्या लग्नात धवला तीनदा तुटला. तिसऱ्यांदा देवांना बोलावताना तुळसाचाच घसा बसायला आला, नवरा बसल्या जागी पेंगला, नवरीच्या अंगावरची हळद वाळून तिचे पोपडे पडले, आणि गोरज मुहूर्त कधी टळून गेला ते कोणाला कळलं नाही. पुढे त्या पोरीची सासू मिठागरात घसरून पडली आणि तिचा पाय मोडला. खापर आधी गाडीवर फुटलं, आणि गाडी काही सापडत नाही म्हटल्यावर तुळसावर.

गावाने आपल्या परीने उपाय केले. मांडव लांब, मिठागराच्या कडेला घातला, तर खाडीच्या वाऱ्याने अर्ध्या लग्नात तो नवरीच्या डोक्यावर आला. शिट्टी वाजली की जोरात ढोल पिटायचे ठरवलं, तर ढोलात शिट्टीही बुडाली आणि धवलाही. दोन गाड्यांच्या मधे लग्न उरकू म्हणाले, तर गाड्याच वेळेवर येईनात. शेवटी दौलत पाटील वैतागला. त्याच्या मुलीचं, सगुणाचं, लग्न बाळकुमच्या घरात ठरलं होतं. त्याने तुळसाला बोलावून सांगितलं, की या लग्नात धवला तुटला तर यापुढे कोपरीत ठाण्याहून भट आणायचा. भटाचे मंत्र लहान असतात, मधे तुटले तरी पुढे चालू होतात, आणि कोणाला कळतही नाही.

तुळसाला हे लागलं. पण गंमत अशी, की रागावून घरी बसण्याऐवजी तिला वेगळाच प्रश्न पडला. गाडी ओरडते का? चालायला तर तिला ओरडावं लागत नाही. कळव्याच्या शेतातून गुपचूप चालताना तिने पाहिलेली होती. मग आपल्याच दारात येऊन बोंबलायचं कारण काय?

तिचा धाकटा दीर परशुराम त्या फाटकावर नोकरीला होता. तिने त्याला विचारलं तर त्याने कानावर हात ठेवले. साहेबाचा हुकूम, म्हणाला, आणि वयनी, तू स्टेशनात जाऊ नकोस, माझ्या पोटावर पाय येईल. दुसऱ्या दिवशी तुळसा धुवट लुगडं नेसून स्टेशनात गेली. जाताना परशुरामालाही बरोबर ओढून नेलं.

स्टेशनमास्तर होते हरिहरपंत. वाईकडचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले, बारीक अंगाचे आणि कायम कशाने तरी त्रासलेले. आणि त्रासलेले ते मुख्यतः कोपरीमुळे. आमच्या शेळ्या त्यांच्या फलाटावर चरायच्या. आमच्या मिठाच्या गाड्या त्यांच्या रुळांत अडकायच्या. फाटकाची दांडी खाली असली की तिच्यावर बायका गोधड्या वाळत घालायच्या आणि गाडी गेल्यावर दांडी वर करायची तर परशुरामाला आधी गोधड्यांच्या घड्या कराव्या लागायच्या. त्यामुळे कोपरीची बाई तक्रार घेऊन आलीय म्हटल्यावर पंतांनी आधी आपलीच तक्रार सांगून घेतली. तुळसाने ती पूर्ण ऐकली. गोधड्यांचं खरं आहे, म्हणाली. मग आपलं सांगितलं.

"मास्तर, तुमची गाडी आमचे मांडवान येवून बोंबलतंय. लग्नाचे येलेला तिचा तोंड बंद ठेवा."

हरिहरपंत तिच्याकडे बघतच राहिले. "अहो बाई, ती शिट्टी तुमच्याच गावाने मागून घेतलीय," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने परशुरामही चकित झाला. आधी गाड्या फाटकावर आखूडशी शिट्टी देत. मग एकदा पावसाळ्याच्या तोंडाला मिठाची बैलगाडी रुळांत अडकली आणि बैल इंजिनाखाली गेले. सगळी कोपरी स्टेशनात आली आणि फलाटावर बसली. प्रत्येक गाडी पुलावरूनच ओरडत आली पाहिजे, बहिऱ्या माणसालाही ऐकू गेलं पाहिजे, असं कबूल करून घेतल्याशिवाय हलली नाही. हरिहरपंत तेव्हा इथे नव्हते. पण आधीच्या मास्तरांनी बदलून जाताना त्यांना बजावलं होतं, की बाकी काहीही चुको, कोपरीच्या फाटकावरची शिट्टी चुकू देऊ नका. ते गाव येऊन बसतं. आणि त्यात एक बाई आहे, ती सगळे उठले तरी उठत नाही.

 तुळसा म्हणाली, "ती मीच."

बैल काळुरामचे होते. त्या दिवशी फलाटावर सगळ्यात पुढे बसून तिनेच मास्तरांना सुनावलं होतं, की तुमच्या गाडीला तोंड दिलंय ते कशाला. हे ती विसरली नव्हती. पण तो ओरडा आणि हा ओरडा एकच आहे, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला वाटतं गावातल्या कोणाच्याच आलं नव्हतं. आपण मागितलेली गोष्ट मिळाली की ती आपली राहत नाही, ती कंपनीची होते, आणि मग तिच्यावर चिडायला आपण मोकळे.

पंतांना हसू आलं. त्या हसण्याने दोघांमधलं काहीतरी सैल झालं, आणि तुळसाने आपली प्रश्नांची पोतडी उघडली. शिट्टी कोणासाठी? रुळांवर येणाऱ्यासाठी. आणि रुळांवर कोणी येणारच नाही असं असलं तर? तर शिट्टीची गरज नाही, पण ते ड्रायव्हरला कळणार कसं? फाटकावर हिरवं निशाण दिसलं की कळेल, असं पंत बोलून गेले आणि लगेच सावरले. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला ते स्वतः सांगू शकले असते. कल्याणकडून येणाऱ्या गाडीसाठी तिथल्या मास्तरांना तार करता आली असती, ते त्यांच्या ओळखीचे होते. पण फाटकावर निशाण धरून परशुराम शपथेवर सांगणार, की दोन्ही बाजूंनी एक माणूस, एक बैल, एक शेळी रुळांवर येणार नाही? शेळी जरी आली तरी माझी नोकरी गेली, पंत म्हणाले. तरीही त्यांनी विचारलं, की गाणं चालतं किती वेळ.

"सरंल तवर," तुळसा म्हणाली.

हे उत्तर तारेत बसणारं नव्हतं. म्हणून एका दुपारी हरिहरपंत स्वतः कोपरीत आले, तुळसाच्या अंगणात बाजेवर बसले आणि धवला ऐकला. सगळं गाव कुडाआडून बघत होतं. शेवटचं कडवं सोडून तिने सगळा गायला. पंतांनी मधे मधे बोट वर करून प्रश्न विचारले, आणि लग्न नव्हतं म्हणून तिने थांबून उत्तरं दिली. गावदेवीच्या आधी खाडीला का बोलवता? कारण खाडी आधी आली. मेलेल्या सासऱ्याला बोलावता आणि जिवंत जावयाचं नाव घेत नाही, ते का? कारण जावई न बोलावता येतो. मग तिने त्यांना विचारलं, की तुमचा शब्द गाडीच्या आधी कल्याणला पोचतो, तर तो तारेच्या आतून जातो की वरून? पंतांनी खरं सांगितलं, की ते त्यांनाही नीट माहीत नाही. उठताना त्यांनी सांगितलं, की सगुणाच्या लग्नाला एकदा करून बघू. एकदाच. पण लोकांना थोपवणार कोण, ते तुम्ही ठरवा.

परशुरामाचं कोणी ऐकत नसे. तो दांडी खाली टाकायचा आणि गावकरी ती हाताने वर करून निघून जायचे, वर त्याला विचारायचे, रूळ तुझ्या बापाचे का? धोंडीबाला काठी देऊन उभं करून बघितलं, तर पहिल्याच ओळखीच्या माणसाला त्याने जाऊ दिलं आणि दुसऱ्याबरोबर स्वतःच पलीकडे गेला. काळुराम शांत माणूस, त्याने नुसतं "थांबा" म्हटलेलं कोणाला ऐकूही गेलं नाही. पाटील तर मुलीचा बाप, तो मांडवात हवा. पंतांनी अखेर परशुरामालाच विचारलं, की या गावातले लोक नक्की कोणाचं ऐकतात?

"वयनीचा," परशुराम म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

पुढचे दिवस घरात वाईट गेले. तुळसा शेवंतीवर विनाकारण खेकसायची. भात करपला म्हणून, करपला नाही म्हणून. फाटकावर आपण उभं राहायचं तर मांडवात गाणार कोण, याला उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर रोज तिच्या चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होतं. तुळसामागे बसून झील धरणारी शेवंती चांगली गायची. तेच तुळसाला सहन होत नव्हतं. वाईट गायली असती तर निदान म्हणता आलं असतं, की हिला जमणार नाही. फाटकावर न गेलं तर धवला तुटणार आणि भट येणार. गेलं तर धवला राहणार, पण आपल्या तोंडी नाही. हे असं स्पष्ट दिसल्यावरही तिला ठरवायला वेळ लागला, आणि त्याबद्दल मी तिला नावं ठेवणार नाही. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं ते धडधाकट असताना कोण देतं?

मग एका सकाळी ती शेवंतीला घेऊन मिठागराच्या बांधावर गेली. आजूबाजूला पांढऱ्या फटक उन्हाशिवाय कोणी नव्हतं. खाली बस, म्हणाली, आणि पदर बाजूला करून पहिल्यांदाच ते कडवं उघड्या तोंडाने, एकेक शब्द सुटा करून गायली.

शेवंती रडायला लागली. "आत्याबाय, नको. तुमी गाला, मी उबी रवतंय फाटकावर."

"तुजा कोन आयकल?" तुळसा म्हणाली आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. सूर्य डोक्यावर येईपर्यंत शेवंतीला ते पाठ झालं. तुळसाने तिच्याकडून ते एकदा सलग म्हणून घेतलं, बरोबर आहे म्हणाली आणि घरी येऊन न जेवता पडून राहिली.

सगुणाच्या लग्नाच्या दिवशी बाळकुमचं वऱ्हाड वेळेत फाटकातून आत आलं. गोरज जवळ आला तशी परशुरामाने दांडी खाली टाकली आणि तुळसा पदर खोचून ठाण्याच्या बाजूला उभी राहिली. गावाच्या बाजूला बायकांनी शेळ्या आणि पोरं आवरली होती. मांडवातून शेवंतीचा आवाज आला. पहिल्या शब्दाला तो कापला, मग सुधारला. तुळसाने आयुष्यात धवला बाहेर उभं राहून ऐकला नव्हता. हळदीच्या ठिकाणी ती ज्या जागी श्वास घ्यायची तिथे शेवंतीने घेतला नाही, पुढे जाऊन घेतला, आणि ते जास्त चांगलं वाटलं. ते चांगलं वाटलेलं तिला अजिबात आवडलं नाही.

ठाण्याहून एक गाडी सुटली ती गप्प गेली. बाजारातून येणारे लोक फाटकाशी जमायला लागले. थांबा म्हटलं की थांबत होते. आणि तेवढ्यात आला नवऱ्याचा मामा, तानाजी. बाळकुमचा वजनदार माणूस. वऱ्हाडाबरोबर निघाला होता, पण वाटेत ताडीच्या गुत्त्यावर ओळखीचे भेटले. शेवटच्या कडव्याला नवऱ्याच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि हा इथे. त्याने दांडीला हात घातला.

"बाय, बाजूला हो. मामा हाय मी नवऱ्याचा."

"नवरा असतास तरी नसता सोरला."

नवऱ्याच्या मामाला असं बोलायची आमच्याकडे कोणाची टाप नाही. लग्नं मोडलीत याहून लहान गोष्टींवरून. तानाजीचा चेहरा लाल झाला. त्याने दांडी वर उचलली आणि वाकून पाऊल आत टाकलं. तुळसाने त्याच्या खांद्यावरचं उपरणं धरलं, हाताला एक वेढा दिला आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. तो बसला खाली, धुळीत, सगळ्यांसमोर. पुलावर धूर दिसत होता. परशुरामाने हिरवं निशाण धरलं होतं.

गाडी आली. शिट्टी नाही, काही नाही. एवढं मोठं धूड तोंड मिटून येताना कोणी पाहिलं नव्हतं. लोक आपोआप मागे सरकले. तानाजीनेही बसल्या जागी पाय जवळ ओढले, कारण गाडी कुठून जाते आणि त्याचं पाऊल कुठे पडणार होतं ते त्याला दिसलं. पण चाकांचा खडखडाट तर होणारच होता. मांडवात शेवंती त्या वेळी मुलीचे आईबाप संपवून शेवटच्या कडव्याशी आलेली, आणि नेमकं तिथे तुळसाला ऐकू येणं बंद झालं. डब्यामागून डबा जात होता. ती कान पुढे करून, मान वाकडी करून उभी होती. शेवंती घाबरली असेल का? थांबली असेल का? थांबली तर सगळं संपलं, आणि आपण ते कडवं देऊन बसलो.

शेवटचा डबा गेला. आधी नुसताच खाडीचा वारा आला. मग त्यातून शेवंतीचा आवाज आला, कडव्याच्या मध्यावर, न थांबलेला. पदराआडून नाही, पुटपुटून नाही. मुलीला देवांच्या ओटीत घालणारे ते शब्द ती मोकळ्या गळ्याने गात होती आणि रुळांच्या अलीकडे ताटकळलेल्या बाजारकऱ्यांपर्यंत ते एकेक पोचत होते. कोपरीने ते कडवं असं कधी ऐकलं नव्हतं. ते संपलं, आणि ढोल वाजला.

तुळसाला फार आनंद झाला, आणि ते कडवं आता आपलं राहिलं नाही हेही त्याच वेळी कळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही. परशुरामाने निशाण खाली केलं आणि दांडी वर घेतली. तानाजी मामा धोतर झटकत उठला. लग्न त्याच्याशिवाय लागून गेलं होतं. हातात अजून त्याच्या उपरण्याचं टोक धरून उभ्या असलेल्या त्या बाईकडे त्याने बघितलं, आणि त्याचा राग कुठे गेला कोण जाणे.

"आता जाव का, बाय?" त्याने विचारलं.

 तिने उपरणं सोडलं आणि बाजूला झाली. लोक तिच्या दोन्ही अंगांनी रूळ ओलांडून मांडवाकडे निघाले. परशुराम म्हणाला, वयनी, तू पण चल. तिने मान हलवली. मांडवात आता तिचं काही काम नव्हतं, आणि कल्याणकडून अजून एक गाडी यायची होती.